खरा ट्रायलोबाइट ओळखायचा कसा?

मोरोक्कोच्या आग्नेय भागात, सहाराच्या काठावर एरफूद, रिसानी आणि अल्निफ ही गावे आहेत. इथल्या रस्त्याकडेच्या दुकानांत जीवाश्म विकायला मांडलेले असतात. काळ्या-करड्या दगडातून एखादा किडा अर्धवट वर आल्यासारखा दिसतो. अंगावर आडव्या खाचा, डोक्यावर फुगीर डोळे, एखाद्याच्या डोक्यापुढे तर चक्क त्रिशूळ. हा ट्रायलोबाइट. दुकानदार सांगतो, ‘चाळीस कोटी वर्षांचा आहे.’ तो खोटे बोलत असेलच असे नाही. पण त्याच फळीवरचा शेजारचा नमुना गेल्याच महिन्यात साच्यात ओतलेला असू शकतो.

आता असे नमुने ऑनलाइन मागवता येतात, त्यामुळे हा प्रश्न मोरोक्कोला जाणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. खरा-खोटा ओळखण्याच्या युक्त्या आहेत, आणि त्या पुढे येतीलच. पण सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तो प्राणी आधी समजून घेणे.

तीन पाळ्यांचा प्राणी

ट्रायलोबाइट हा खेकडा, कोळंबी, विंचू यांच्यासारखा संधिपाद प्राणी. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तो प्रथम दिसतो आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात कायमचा नाहीसा होतो. म्हणजे जवळजवळ २७ कोटी वर्षे तो समुद्रात नांदला. आपली, म्हणजे आधुनिक मानवाची, हजेरी जेमतेम तीन लाख वर्षांची आहे. त्याच्या २० हजारांहून अधिक प्रजातींचे वर्णन आजवर झाले आहे. काही मिलिमीटरच्या, तर कॅनडातल्या मॅनिटोबात सापडलेला ‘आयसोटेलस रेक्स’ ७० सेंटिमीटरहून लांब.

डोके, धड आणि शेपूट असे याचे तीन भाग दिसतात; पण नाव त्यावरून पडलेले नाही. डोक्याकडून शेपटीकडे पाहिले तर मधला उंचवटा आणि दोन्ही बाजूंच्या दोन पट्ट्या अशा तीन उभ्या पाळ्या दिसतात. १७७१मध्ये योहान वाल्च या जर्मन अभ्यासकाने त्यावरून ‘ट्रायलोबाइट’ हे नाव दिले. त्याआधी, १६९८मध्ये, वेल्समध्ये सापडलेल्या अशाच एका जीवाश्माला एडवर्ड लुइड यांनी चपटा मासा समजून नोंदवले होते.

संकट आले की अनेक ट्रायलोबाइट अंग गुंडाळून घेत. पावसाळ्यात अंगणात दिसणारा पैसा किडा हात लावताच वेटोळे करतो, तसेच. गुंडाळलेल्या अवस्थेतच अश्म झालेले कितीतरी नमुने सापडतात.

स्फटिकाचे डोळे

त्याचे डोळे हे तर नवलच. डोळ्यातली भिंगे कॅल्साइटची, म्हणजे चुनखडी ज्या खनिजाची बनते त्याचीच. खनिजाचे असल्यामुळे हे डोळे अश्मात टिकले. बहुतेक ट्रायलोबाइटच्या डोळ्यांत बारीक भिंगे एकमेकांना चिकटून बसवलेली असत. ‘फॅकॉप्स’सारख्या गटांत मात्र प्रत्येक भिंग मोठे आणि सुटे, ओळीत मांडलेल्या मण्यांसारखे. मोरोक्कोतल्या ‘एर्बेनोकाइल’चे डोळे उभ्या मनोऱ्यासारखे आणि वरच्या कडेला झापड असे आहेत. वरून येणारा प्रकाश अडवायला ती झापड. म्हणजे हा प्राणी दिवसाउजेडी वावरत होता, असा निष्कर्ष २००३मध्ये मांडला गेला.

इथेच पहिली कसोटी मिळते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि नमुन्याचे डोळे पाहा. खऱ्या ‘फॅकॉप्स’च्या डोळ्यात गोल भिंगांच्या नीट ओळी दिसतात. नकलेत बहुधा गुळगुळीत उंचवटा असतो, नाहीतर टोकदार हत्याराने ओढलेल्या आडव्या-उभ्या रेघा.

कात, पाय आणि तडा

वाढताना ट्रायलोबाइट जुने कवच टाकून देत असे. एकाच प्राण्याची आयुष्यात अनेक कवचे समुद्रतळाच्या गाळात पडत. त्यामुळे संग्रहातले पुष्कळसे नमुने म्हणजे मेलेला प्राणी नव्हे, तर त्याने टाकलेली कात. कात टाकताना डोक्याच्या दोन्ही बाजूंचे गाल सुटून वेगळे होत. म्हणून गालांसकट पूर्ण नमुना दुर्मीळ आणि महाग. तुटके, गाल नसलेले नमुने मात्र सर्रास सापडतात, आणि तेही तितकेच खरे.

पाय आणि स्पर्शिका नाजूक, त्या सहसा टिकत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात रोम शहराजवळच्या एका पातळ थरात त्या टिकल्या, कारण तिथे त्यांची जागा पायराइटने घेतली. २०२४मध्ये मोरोक्कोच्या हाय अ‍ॅटलास पर्वतातून सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीचे, ज्वालामुखीच्या राखेत क्षणात गाडले गेलेले ट्रायलोबाइट जगापुढे आले. त्यांत पाय, तोंडाची रचना, अन्ननलिकासुद्धा दिसली. असे नमुने किती विरळ हे लक्षात आले, की स्वस्तात ‘पायांसकट’ मिळणाऱ्या ट्रायलोबाइटचे काय करायचे ते वेगळे सांगायला नको.

तिसरी कसोटी तड्याची. मोरोक्कोत कामगार उन्हातान्हात चर खणून चुनखडीचा एकेक थर हातोडीने फोडतात. फुटलेल्या कडेवर कवचाची बारीक काळी रेघ दिसली, की आत ट्रायलोबाइट आहे हे कळते. मग दोन्ही तुकडे पुन्हा चिकटवतात आणि वरचा दगड बारीक यंत्राने कणाकणाने काढतात. काटेरी जातींसाठी यात कित्येक तास जातात. त्यामुळे खऱ्या नमुन्यात बहुधा दगडातून आणि प्राण्यातूनही आरपार गेलेला एक तडा असतो. ज्यात कुठेच काही नाही, असा निर्दोष नमुना पाहिला की सावध व्हावे.

नकली नमुने रेझिनमध्ये दगडाची पूड मिसळून किंवा गाडीचे पोचे भरायच्या पुट्टीने बनवतात. त्यांत हवेच्या बुडबुड्यांची सुईच्या टोकाएवढी गोल छिद्रे दिसतात. खरा दगड हाताला गार लागतो, रेझिन तितके लागत नाही. एकाच दुकानात अगदी सारखे, एकाच जागी मोडलेले दोन नमुने दिसले तर साचा एकच. काही वेळा डोके एकाचे आणि शेपूट दुसऱ्याचे असते. थोडी डागडुजी गैर नाही, संग्रहालयेही प्रतिकृती वापरतात; पण ती सांगून केलेली असावी. विकणाऱ्याला सरळ विचारा : यातले मूळ किती आणि भरलेले किती?

नवशिक्याने सुरुवात साध्या जातीपासून करावी. अमेरिकेतल्या युटा राज्यात डेल्टा गावाजवळच्या डोंगरात ‘एलराथिया किंगी’ इतका मुबलक सापडतो, की त्याची नक्कल करणे कुणाला परवडत नाही. तिथल्या खासगी खाणीत पैसे भरून स्वतः दगड फोडताही येतात. तिथल्या मूळच्या युट लोकांनी या ट्रायलोबाइटला भोक पाडून गळ्यात ताईत म्हणून घातले होते. त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ सांगतात तो असा : दगडाच्या घरात राहणारा पाण्यातला छोटा किडा.

सह्याद्रीत का नाही?

महाराष्ट्रात ट्रेकला गेल्यावर ट्रायलोबाइट सापडेल का? सह्याद्रीत तरी नाही. हा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून बनला. तेव्हा ट्रायलोबाइट संपून अठरा कोटींहून अधिक वर्षे झाली होती. भारतात ते सापडतात काश्मीर आणि हिमाचलमधल्या स्पितीत, एकेकाळी समुद्रतळ असलेल्या खडकांत. स्पितीतल्या पराहिओ खोऱ्यातल्या ट्रायलोबाइटचा अभ्यास शंभरहून अधिक वर्षे चालू आहे.

तिथले पुष्कळसे नमुने वेडेवाकडे आहेत. हिमालय घडताना खडक दाबले, ताणले गेले आणि त्यांच्याबरोबर आतले ट्रायलोबाइटही. कुणी लांबट झाला, कुणी रुंद, कुणी तिरका. बाजारात अशा नमुन्याला भाव मिळणार नाही. पण त्याच तिरकेपणावरून खडकावर कोणत्या दिशेने किती दाब आला, याचा अंदाज भूवैज्ञानिकांना बांधता येतो. मात्र त्यासाठी तो नमुना नेमका कोणत्या जागचा, कोणत्या थरातला, हे माहीत असावे लागते. म्हणून स्पितीला गेलात तर बघा, फोटो काढा आणि दगड जागेवरच राहू द्या.

विकत घेताना मात्र दगडाबरोबर त्याचा पत्ता मागून घ्या : जात, गाव, थर, काळ. तो कागदावर लिहून नमुन्यासोबत ठेवा. पत्ता हरवलेला ट्रायलोबाइट खरा असला, तरी त्याला सांगण्यासारखे फारच थोडे उरते. आणि तुमचा नमुना तडा गेलेला, एक गाल नसलेला निघाला, तर वाईट वाटून घेऊ नका. तो बहुधा खरा आहे.