मदतनिधीसाठी काश्मीर ते कन्याकुमारी सायकल प्रवास: निघण्याआधी काय तपासावे, कधी थांबावे?

कर्करोगाच्या रुग्णांना मदत, डायलिसिसचा खर्च, अवयवदानाचा प्रचार अशा एखाद्या कामासाठी देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने जाणारे लोक आता आपल्या ओळखीतही सापडतात. ते सगळे काही सराईत खेळाडू नसतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, मोठ्या आजारातून बरे झालेले, नातेवाईकाला मूत्रपिंड दिलेले लोकही असा संकल्प करतात. मग घरचे विचारतात, "डॉक्टर, यांना जाऊ द्यावे का?"

बहुतेकांना योग्य तयारीनंतर जाता येते. मात्र या प्रवासात एक वेगळा धोका असतो. स्वतःच्या हौसेने निघालेला माणूस गुडघा फारच दुखू लागला की गाडीत सायकल टाकून परत येतो. ज्याच्या नावावर लोकांनी पैसे दिले आहेत, त्याला तसे परतणे अवघड जाते. "लोक काय म्हणतील?" या विचाराने तो ताप आणि छातीतले दुखणेही अंगावर काढतो. म्हणून कधी थांबायचे हे घरून निघण्याआधीच ठरवावे आणि लिहून ठेवावे.

हा प्रवास शरीराला किती झेपतो?

श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ साधारण ३,७०० किलोमीटरचा आहे. जम्मू, दिल्ली, आग्रा, झाशी, नागपूर, हैदराबाद, बंगळूर, मदुराई असा तो जातो. नागपूरला सुमारे निम्मी वाट संपते. रोज १०० किलोमीटर धरले तर ३७ दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस विश्रांती धरली तर सहा आठवडे. ही विश्रांती वेळापत्रकातून कधीही काढू नका.

एका दिवसात १०० किलोमीटर चालवणे आणि ते महिनाभर रोज करणे यांत खूप फरक आहे. किमान तीन-चार महिने सराव करा. आठवड्याचे अंतर हळूहळू, साधारण दहा टक्क्यांनी वाढवा. निघण्यापूर्वी सलग दोन-तीन दिवस ८० ते १०० किलोमीटर चालवून पाहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जे दुखते, तेच पुढे वाटेत त्रास देते.

हवामानही पाहा. डिसेंबर-जानेवारीत काश्मीरच्या घाटात बर्फ असतो आणि पंजाबपासून उत्तर प्रदेशापर्यंत दाट धुके असते. धुक्यात आणि अंधारात महामार्गावर सायकल चालवू नका. हेल्मेट आणि चमकणारे जाकीट हवेच. अशा प्रवासात सर्वांत मोठा धोका वाहनाच्या धडकेचा असतो.

आधीपासून आजार असल्यास

*मधुमेह:* इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर सायकल चालवताना खाली जाऊ शकते. कधीकधी ती त्याच रात्री झोपेत उतरते. डोस किती कमी करायचा हे सरावाच्या काळातच तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा. निघताना, दर तास-दोन तासांनी आणि झोपण्यापूर्वी साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्या, १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. या गोळ्यांमुळे शरीरातले पाणी कमी होऊ शकते आणि साखर फार वाढलेली नसतानाही रक्तातील आम्ल वाढू शकते. इन्सुलिन उन्हात तापू देऊ नका आणि काश्मीरच्या थंडीत गोठू देऊ नका.

*रक्तदाब:* टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारे औषध अनेकांना एकत्र दिलेले असते. घाम जाऊन शरीर कोरडे पडले आणि त्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तर मूत्रपिंडांवर एकदम ताण येतो. "गुडघ्यासाठी रोज एक गोळी" ही सवय अशा प्रवासात मुळीच नको. मूत्रपिंड दान केलेल्यांनी तर या गोळ्या टाळाव्यातच. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते, पण तेही मात्रेत.

*हृदयविकार किंवा वय ४० च्या पुढे:* आधी तपासणी करा. ईसीजी आणि गरज असल्यास ट्रेडमिल चाचणी कोणाला लागेल हे डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी पडण्याचा धोका लक्षात घेऊन डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावे. डोक्याला मार लागला तर बाहेरून जखम दिसत नसली तरी त्यांनी लगेच रुग्णालयात जावे.

वाटेत होणारे नेहमीचे त्रास

*बैठकीच्या जागी पुरळ, फोड:* घाम, घर्षण आणि ओलसर कपडा ही याची कारणे. पॅडची सायकल शॉर्ट रोज धुतलेली घाला, तिच्या आत दुसरा कपडा घालू नका. मुक्कामी पोहोचताच अंघोळ करा. गळू झाले, ताप आला किंवा लाली पसरू लागली तर सायकल थांबवून उपचार घ्या.

*जननेंद्रियाभोवती बधिरता:* सीटमुळे तिथली नस दाबली जाते. लाजेमुळे लोक हे सांगत नाहीत. दर १०-१५ मिनिटांनी थोडा वेळ पॅडलवर उभे राहा, सीटचे टोक वर उचललेले असेल तर सरळ करा. दोन-तीन दिवस विश्रांती घेऊनही बधिरता गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

*करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या:* हँडलवर तळवा सतत टेकल्याने होते. जाड हातमोजे घाला, हाताची पकड वारंवार बदला. बोटांतली ताकद कमी झाली तर पुढे जाऊ नका.

*गुडघेदुखी:* पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट फार खाली असते, मागून दुखत असेल तर फार वर. उंची थोडी-थोडीच बदला आणि हलक्या गिअरवर चालवा.

*कुत्रा चावणे:* जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे इंजेक्शनही लागते. पुढचे डोस पुढच्या गावांतल्या सरकारी रुग्णालयांत घेता येतात, पण ठरलेली तारीख चुकवू नका. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच घ्या.

पाणी किती प्यावे?

कमी पाणी जसे वाईट, तसे फक्त साधे पाणी भरमसाट पिणेही वाईट. त्यामुळे रक्तातले सोडियम घटते. डोके दुखते, मळमळते, माणूस गोंधळतो, झटकेही येऊ शकतात. तहान लागेल तसे प्या. घाम जास्त जात असेल तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मधुमेह असल्यास यातली साखर हिशोबात धरा. सकाळपेक्षा संध्याकाळी वजन वाढलेले असेल तर पाणी जास्त झाले आहे. लघवी गडद पिवळी असेल तर कमी पडले आहे.

थांबण्याचे नियम

हे लिहून सायकलच्या पिशवीत ठेवा. घरच्यांकडेही एक प्रत असू द्या.

* छातीत दुखणे किंवा दाब, चक्कर येऊन पडणे, विश्रांतीतही दम लागणे: तिथेच थांबा, रुग्णवाहिका बोलवा.
* उन्हात असंबद्ध बोलणे, तोल जाणे, अंग खूप तापणे: हा उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालयात न्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.
* चहा किंवा कोलासारखी गडद लघवी आणि स्नायूंमध्ये तीव्र वेदना: त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायू मोडून मूत्रपिंडांना इजा होत असू शकते.
* ताप: उतरेपर्यंत आणि अशक्तपणा जाईपर्यंत सायकल नाही. तापात जोराचा व्यायाम हृदयाला धोकादायक ठरू शकतो.
* सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा मिनिटाला दहा किंवा जास्त ठोक्यांनी वाढलेली: त्या दिवशी विश्रांती घ्या. दोन दिवस तसेच राहिले तर डॉक्टरांना भेटा.

मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. अनेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ चालतो.

निर्णय कोणाचा?

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघातून पूर्ण केली. त्या शर्यतीत सायकलपटूबरोबर मदतनीसांची गाडी असते. त्याचे खाणे, झोप, प्रकृती यांकडे दुसरे कोणी लक्ष देत असते. थकलेल्या माणसाला स्वतःची अवस्था नीट कळत नाही, हे त्यामागचे साधे कारण. तुमच्याबरोबरही असे एक माणूस असावे आणि त्याने "आज बस" म्हटले की वाद घालायचा नाही, हे आधीच कबूल करावे.

घरच्यांनी रोज फोनवर "किती किलोमीटर झाले?" एवढेच विचारू नये. लघवीचा रंग कसा आहे, झोप लागली का, कुठे जखम किंवा बधिरता आहे का, औषधे घेतली का, हे विचारावे.

आणि निधीचे काय? देणाऱ्यांना पहिल्याच पत्रात कळवा की रक्कम संस्थेला जाणार आहे आणि प्रवास झाशीला थांबला तरी ती पूर्णच जाणार आहे. किलोमीटरमागे पैसे असा करार करू नका. ज्या रुग्णासाठी तुम्ही सायकल चालवता, त्याचा उपचार तुमच्या कन्याकुमारीला पोहोचण्यावर अवलंबून नसावा. तसे ठरवून निघालात, तर थांबायची वेळ आली तेव्हा तुम्हाला थांबणे जमेल.