सहा वर्षांचा साक्षीदार

जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांना उद्देशून एक छोटंसं जाहीर पत्र प्रसिद्ध झालं. लिहिणारा होता ओहायोतला, हातपाय लुळे पडलेला अ‍ॅलेक्स मॅलार्की. मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, सगळ्यांचं लक्ष वेधलं जाईल म्हणून तसं म्हणालो, असं त्यात त्याने कबूल केलं होतं. २००४ मध्ये वडिलांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्यानंतर तो दोन महिने बेशुद्ध होता. २०१० मध्ये बाप-लेकाच्या नावाने ‘द बॉय हू केम बॅक फ्रॉम हेवन’ आलं आणि दहा लाखांवर प्रती खपल्या. पत्र आल्यावर प्रकाशक टिंडेल हाउसने पुस्तक मागे घेतलं. ही गोष्ट खरी नाही, हे मुलाची आई आधीपासून जाहीरपणे सांगत होती. पुस्तक मात्र दुकानांत होतंच.

खोटं कोण बोललं, यात मला फारसा रस नाही. इतके लोक ते ऐकायला आतुर का होते?

आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ‘साक्ष देणे’ हा शब्दप्रयोग घरोघरी आहे. उठून उभं राहायचं आणि आपण कसे होतो, प्रभूने काय केलं, आता कसे आहोत, हे सांगायचं. इव्हँजेलिकल परंपरेत या वैयक्तिक परिवर्तनाला फार मोठं स्थान आहे. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टनने १९८९ मध्ये या पंथाची जी चार लक्षणं सांगितली, त्यांतलं हे एक. जवळच्या माणसाचा वियोग या ‘आधी, मग, आता’च्या साच्यात ओतला की त्याच्या वाट्याला मधली जागा येते. शेवटची जागा आधीच राखून ठेवलेली असते. म्हणून गेलेलं माणूस अशा पुस्तकांत फारसं भेटत नाही. ते कशावर चिडायचं, काय खायचं, काही कळत नाही. ते कशाचा तरी पुरावा होऊन बसतं.

त्याच २०१० मध्ये थॉमस नेल्सन या प्रकाशनसंस्थेने ‘हेवन इज फॉर रिअल’ काढलं. नेब्रास्कातल्या एका पाळकाच्या चार वर्षांच्या आतल्या मुलाचं अपेंडिक्स फुटलं, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे तो स्वर्गाच्या गोष्टी सांगू लागला. कोटीभर प्रती गेल्या, २०१४ मध्ये सिनेमा निघाला. आईचा पूर्वी गर्भपात झाला होता. ती न जन्मलेली बहीण आपल्याला तिथे भेटली, असं हा मुलगा सांगतो. त्या पानावर रडलेल्या बायकांना हसण्याचा मला अधिकार नाही. गर्भपाताचं दुःख करायला जगात जागा कुठे असते? राग आहे तो एवढाच, की ती जागा लेकराच्या तोंडून भरून घेतली गेली.

खुद्द बायबल इतकं घाईत नाही. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाची कारणं समजावून थकतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. या वाटेनेही पुस्तकं आली. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईसने १९४० मध्ये वेदनेच्या प्रश्नावर मुद्देसूद ग्रंथ लिहिला होता. १९६० मध्ये पत्नी जॉय गेली, आणि पुढच्याच वर्षी ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ त्याने टोपणनावाने छापलं. त्यात ती मांडणी डळमळताना दिसते. तत्त्वज्ञ निकोलस वॉल्टरस्टॉर्फचा पंचवीस वर्षांचा मुलगा १९८३ मध्ये ऑस्ट्रियात गिर्यारोहण करताना गेला. त्याच्यावरच्या पुस्तकात बाप कारण देत नाही. केट बोलर ही तर समृद्धीच्या सुवार्तेची, म्हणजे श्रद्धेने आरोग्य आणि पैसा मिळतो या शिकवणीची, अभ्यासक. २०१५ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, तिला चौथ्या टप्प्यातला कर्करोग निघाला. प्रत्येक गोष्टीमागे काही कारण असतं, असं सांगायला शेजारीण दारात आली, तेव्हा ते कारण ऐकायला मला आवडेल, असं तिच्या नवऱ्याने सुनावलं.

मराठी वाचकाला इथे पंडिता रमाबाई आठवतात. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत छापली. दुष्काळात गेलेले आई-वडील त्यात आहेत, आणि सगळी वाट तारणाकडे जाते. त्यामानाने लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांचे पती टिळक आपल्या सगळ्या तऱ्हेवाईकपणासकट जिवंत राहतात. रमाबाईंची एकुलती लेक मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. पुढच्या एप्रिलात केडगावला रमाबाईही गेल्या. मधल्या महिन्यांत त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचं काम पुरं करत होत्या. साक्ष छापून तेव्हा चौदा वर्षं झाली होती.