जुन्या मोटरहोममधील पाण्याच्या टाकीची गळती : निदानाचा विचार

अमेरिकेतील मोटरहोम या फिरत्या घरात पिण्याच्या पाण्याची टाकी बहुधा पलंगाखाली बसविलेली असते. तिच्याखाली ओल दिसताच टाकी फुटल्याचा निष्कर्ष काढला जातो. तो पुष्कळदा घाईचा ठरतो. वाहन बाहेरच्या नळाला जोडलेले असताना पंपातील एकमार्गी झडप निकामी झाली, तर दाबाखालचे पाणी उलट टाकीत शिरते आणि ती भरून वाहू लागते. हा दोष टाकीचा नव्हेच.

म्हणून बाहेरची जोडणी व पंप बंद करून, टाकी भरून पातळीवर खूण करावी. पातळी मध्येच स्थिरावल्यास दोष त्याच उंचीवर शोधावा; टाकी पूर्ण रिकामी झाल्यास तळाचे जोड व निचऱ्याची तोटी तपासावी. हिवाळ्यात गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे जोडांपाशी तडे जातात. असा तडा सामान्य गोंदाने बुजत नाही, कारण पॉलिएथिलीनला तो धरतच नाही. त्याच प्लॅस्टिकची कांडी वितळवून सांधा करावा लागतो. ४० गॅलनच्या टाकीतील पाण्याचे वजन सुमारे १५१ किलो भरते. तेव्हा आधाराच्या पट्ट्या सोडण्यापूर्वी टाकी रिकामी केलेली असावी.