चालू-बंद होणारा अँटेना, तरीही अखंड संदेश

ओळीने मांडलेल्या छोट्या अँटेनांच्या संचातून (ॲरे) एका दिशेला मुख्य झोत जातो, पण बाजूंनाही नको असलेले झोत (उपझोत) फुटतात. रडारला ते फार त्रास देतात, कारण भलत्या दिशेचे प्रतिध्वनी त्यांतूनच आत शिरतात. त्यांना दाबायला कडेच्या अँटेनांचा जोर कमी ठेवावा लागतो. टाइम मॉड्युलेशनमध्ये (ठरावीक लयीत चालू-बंद करणे) हे काम जलद स्विच करतो. प्रत्येक आवर्तनात अँटेना निम्मा वेळ चालू ठेवला, की मूळ वारंवारतेवर त्याच्या लहरीची उंची निम्मी भरते. १९६३ साली अमेरिकेत अशा संचाने उपझोत अगदी क्षीण करून दाखवले.

अशा चालू-बंद होण्यामुळे संदेश तुटत असेल, असे अनेकांना वाटते आणि शंका रास्तच आहे. एलईडी दिवा मंद करतानाही तो अनेकदा वेगाने चालू-बंद होत असतो, डोळ्याला मात्र सरासरी उजेडच दिसतो. इथेही स्विचचा वेग संदेशाच्या पट्टारुंदीपेक्षा (संदेशाने व्यापलेल्या वारंवारतांचा विस्तार) जास्त असला की संदेश शाबूत राहतो.

खरी किंमत वेगळीच आहे. काही ऊर्जा मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंच्या नव्या वारंवारतांवर (पार्श्वपट्टे) सांडते. पण प्रत्येक अँटेना चालू करण्याचा क्षण पुढे-मागे सरकवला, तर त्याच पार्श्वपट्ट्याचा झोत हव्या त्या दिशेला वळवता येतो.