शिवराई कुठे सापडली?

मालवणच्या किनाऱ्यावर कुणाला जुने नाणे मिळाले, की घरातला पहिला प्रश्न असतो तो किमतीचा. इतिहासाला मात्र आधी जागा हवी असते: नाणे कुठे मिळाले, किती खोल, सोबत आणखी काय होते?

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. चकती ठशापेक्षा लहान, त्यात हातोड्याचा घाव. म्हणून एखाद्या नाण्यावर ‘श्री’ कडेबाहेर गेलेली असते, तर एखाद्यावर ‘पति’ अर्धेच उतरते. महाराजांच्या नावाची ही नाणी त्यांच्यानंतरही शतकाहून अधिक काळ पाडली जात होती. दोन अक्षर-ओळींमध्ये जोडरेघ असलेली दुदांडी शिवराई ही पुढच्या काळातली. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ वाचता आले म्हणजे नाणे शिवकाळातलेच, असे ठरत नाही. त्यासाठी मातीची साक्ष लागते.

सिंधुदुर्गाचेच पाहू. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी काम सुरू झाले आणि १६६७मध्ये किल्ला उभा राहिला. राज्याभिषेक ६ जून १६७४चा. म्हणजे ज्या पाथरवटांनी हा तट रचला, त्यांच्या हातावर ‘छत्रपति’ अक्षरांची शिवराई पडलेली असणे शक्य नाही. कोकणात तेव्हा परक्या आणि जुन्या सत्तांचीच नाणी फिरत होती. इराणातल्या लार गावावरून नाव पडलेली लारी त्यांतलीच: मधोमध दुमडलेली चांदीची तार, तिच्यावर ठसा. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानेही (१६५६–७२) लारी पाडली. सभासदाने जिंजीत लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या खजिन्याची यादी आहे. तिच्यात शिवराई होनासोबत कितीतरी मुलखांची नाणी नांदतात. ही यादी वाचताना किनाऱ्यावरचा सगळा व्यापार डोळ्यांपुढे उभा राहतो.

राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनने इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत, असे कलम मांडले होते. त्यावरचे महाराजांचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. कुठल्याही नाण्याला मनाई नाही, पण रयतेला तोट्यात जाऊन ते घ्यायला लावणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतरांच्या नाण्याइतके कसदार आणि वजनदार असेल, तर ते खुशाल चालावे.

व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटने हा कस पुरेपूर सांभाळला. १२८४पासून पाडलेले हे साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे आपल्या बायकांच्या गळ्यात पुतळी म्हणून आले. त्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख. पुढे सोनारांनी त्याच्या नकला केल्या, अस्सल नाण्यांना कड्या डाखल्या. नाणेशास्त्राच्या दृष्टीने हे नुकसान खरे. पण याच हौसेने कित्येक डुकाट मुशीत जाण्यापासून वाचवले.

सापडलेला साठा अखंड राहिला तर काय हाती लागते, ते नाशिकजवळच्या जोगळटेंभीने दाखवले. १९०६मध्ये तिथे नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनाने क्षत्रपाचा पाडाव केला, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही. ही नाणी सुटी सुटी सराफांकडे गेली असती, तर दोन ठशांचे एखादे नाणे विचित्र म्हणून बाजूला पडले असते.

मग लोक साठा लपवतात ते का? १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सरकारने ते स्वतःकडे घेतले, तर मोबदला धातूच्या किमतीइतका, वर तिचा एक पंचमांश. तांब्याच्या शिवराईला या हिशेबाने काय मिळणार? प्रामाणिकपणे कळवणाऱ्याचा हात आखडावा असेच हे कलम आहे आणि ते बदलायला हवे.

तोवर घरात नाणे असेल तर निदान चिंच लावून घासू नका. तांब्यावरचा हिरवट-तपकिरी थर गेला की अक्षरांच्या कडा झिजतात, आणि अस्सल-नकली ओळखण्याची एक खूण कायमची जाते. कागदी पाकिटात ठेवा. वर गाव, वाडी, जागा, सापडल्याची तारीख लिहा. आजीच्या पेटीतले असेल, तर आजीचे माहेरही.