वजन उतरवा, पण उपाशी राहून नव्हे



आपला ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर चढला की आपले लक्ष किती बारीक असते, हे आम्ही दर हंगामात पाहतो. भरलेल्या गाडीचे वजन किती, रिकाम्या गाडीचे किती, पावतीवर आकडा काय पडला, सगळे तोंडपाठ असते. स्वतःचे वजन किती असे विचारले, तर मात्र बरेचजण पाच वर्षांपूर्वीचा आकडा सांगतात.

शेतकी खात्याच्या माणसाने उसावर लिहायचे सोडून आहारावर का लिहावे, असे काहींना वाटेल. पण अलीकडे गटागटांतून फिरताना लागणीच्या चौकशीबरोबर शुगर, बी.पी. आणि गुडघेदुखी हे विषय हमखास निघतात. वजन उतरवायला म्हणून जे उपाय लोक करतात ते ऐकले की काळजी वाटते. कुणी आठ दिवस नुसत्या काकडीवर राहतो, कुणी महागड्या पावडरीचे डबे आणतो. आणि नवव्या दिवशी लग्नाच्या पंगतीत सगळी कसर भरून काढतो. या विषयातील जाणत्या संस्थांनी काय सांगितले आहे, ते आपल्या भाषेत मांडावे म्हणून हा लेख.

मेहनत गेली, ताट तेच राहिले

आपले वाडवडील मोट हाकत, नांगर धरत, पायी रानात जात. त्यांना चार भाकरी पचत होत्या. आज नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी ठिबकने जाते, तोडणी टोळी करते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. काम सुटले ते बरेच झाले, त्यात वाईट काही नाही. पण ताट मात्र मोटेच्या काळातलेच राहिले. वर चहा, फरसाण, वडापाव आणि थंड पेयांची भर पडली. पिकाची गरज कमी झाल्यावरही खताचा डोस तोच ठेवला तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर वाढलेल्यांचे प्रमाण सुमारे ३९.५ टक्के आढळले. पूर्वी हा शहरातल्या शेटजींचा आजार म्हणत. आता तो आपल्या वस्तीवर येऊन बसला आहे.

आधी मोजमाप करा

माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही नेहमी सांगतो. इथेही तेच. किलोतले वजन घ्यावे आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागावे. उदाहरणार्थ, उंची १.६८ मीटर आणि वजन ७८ किलो असेल तर आकडा साधारण २७.६ येतो. आपल्या भारतीय शरीरयष्टीला २३ च्या आत बरे, २३ ते २५ म्हणजे जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा, असे मानतात. दुसरे माप कमरेचे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर यांच्या वर गेली, तर सावध व्हावे. हातपाय बारीक आणि पोट पुढे, हेही धोक्याचेच लक्षण आहे.

आता किती उतरवायचे? अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजन ७ टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. वरच्या ७८ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोच होतात. वीस किलोची जिद्द धरून पंधरा दिवसांत दमण्यापेक्षा सहा महिन्यांत साडेपाच किलो उतरवणे केव्हाही शहाणपणाचे. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, यापेक्षा घाई करू नये.

एकादशी अन् दुप्पट खाशी

ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. उपवासाला आमचा विरोध नाही, ती ज्याची त्याची श्रद्धा आहे. पण सकाळपासून पोट रिकामे ठेवायचे आणि मग शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी दोन ताटल्या खायची, यात वजन उतरण्यासारखे काही नाही. साबुदाणा म्हणजे बहुतेक सगळा पिष्टमय पदार्थ.

फार उपाशी राहिले की मन खाण्याकडे का धावते, याचा अभ्यास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली झाला. अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. पण ते चिडचिडे झाले, उदास झाले आणि दिवसरात्र जेवणाचाच विचार करू लागले. अन्न पुन्हा मोकळे मिळू लागले तेव्हा त्यांच्यातले कित्येकजण पोट भरले तरी खातच राहिले, आणि अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली. तेव्हा उपाशी राहून मग तुटून पडणारा माणूस हा काही मनाचा कच्चा नसतो. शरीराला दुष्काळाची भीती बसली की ते अन्न मागून घेतेच.

उसाला नत्र आपण एकदम देत नाही, चार हप्त्यांत देतो. एकदम टाकले तर बरेचसे वाया जाते आणि पुढे पीक उपाशी राहते. पोटाचेही तसेच आहे. वेळच्या वेळी, थोडेथोडे, रोज.

यात जिवाचा धोकाही आहे. आमच्या एका गटातील सभासदाने शुगरची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि वजन उतरवायचे म्हणून जेवण मात्र बंद ठेवले. तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रेलर भरताना घाम फुटून ते बांधावरच बसले, बोलणे अडखळू लागले. शेजारच्या टोळीतल्या बाईने ओळखले आणि शुद्धीवर होते म्हणून साखरपाणी पाजले, तेव्हा जीवात जीव आला. रक्तातली साखर फार खाली गेली होती. शुगरची औषधे किंवा इन्शुलिन चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नका, ही विनंती ठळक अक्षरात वाचावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनी, वाढत्या वयाची मुले आणि आजारातून उठलेली माणसे यांनीही आपल्या मनाने आहार कमी करू नये.

साखर आपलीच, तरी हिशेबाने

काय हो साहेब, साखर कारखान्याचा माणूस साखर कमी खा म्हणतो? असा प्रश्न येणारच. उत्तर सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, असेल तर अधिक बरे. २५ ग्रॅम म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. आपल्याकडे ज्याच्या दारी जाल तिथे चहा होतो. दोन चमच्यांचे सहा कप झाले की ५० ते ६० ग्रॅम साखर चहातच गेली. उसाच्या रसात १५ ते १८ टक्के साखर धरली, तर बर्फ न घातलेल्या पाव लिटर रसात ३७ ते ४५ ग्रॅम होते. गुळाचे म्हणाल तर वजनाच्या हिशेबात साखर आणि गूळ हे सख्खे भाऊच.

कारखाना काही आपल्या चहाच्या कपावर उभा नाही. साखरेबरोबर वीज आहे, आसवनी आहे, आणि २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्याची वाटही मोकळी केली. ऊस पिकवणारा सभासद धडधाकट राहणे, यातच कारखान्याचे हित आहे.

रोजच्या रोज करण्याजोगे

१) जेवणाच्या वेळा चुकवू नका. सकाळी फक्त चहा, अकरापर्यंत काही नाही आणि मग आडवा हात, हे बंद करा. सकाळी भाकरी-भाजी, उसळ किंवा अंडे खाऊनच रानात जा.

२) निम्मे ताट भाजी, कोशिंबीर आणि फळांचे असावे. उरलेल्या निम्म्यात भाकरी किंवा भात, आणि डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांपैकी काहीतरी. एक भाकरी कमी आणि वाटीभर उसळ जास्त केली तर भूक मरते आणि अंगात ताकद राहते.

३) तेल मोजून वापरा. माणशी रोज २५ ग्रॅम धरले तर चार माणसांच्या घराला महिन्याला ३ किलो पुरते. डबा किती दिवसांत संपतो ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

४) चहातली साखर एकदम तोडू नका. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळतही नाही.

५) बसून, सावकाश, मोबाईल बाजूला ठेवून जेवा. पोट भरल्याची खबर डोक्याला पोचायला थोडा वेळ लागतो.

६) रोज अर्धा तास झपाझप चाला. मोटारसायकल रस्त्याला लावून प्लॉटला पायी फेरी मारलीत तर खोडकिडाही वेळेत दिसेल.

७) रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी झोप भरून काढावी. जागरणाने भूक वाढते.

८) कोणताही पदार्थ कायमचा वर्ज्य करू नका. सणाला पुरणपोळी खा, एक खा, तूप घालून चवीने खा. एखाद्या दिवशी जास्त झाले तर दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहू नका, नेहमीचे जेवण चालू ठेवा. पाण्याची एक पाळी चुकली म्हणून कुणी उभा ऊस मोडत नाही.

९) भगिनींना खास सांगणे: सगळ्यांचे झाल्यावर, उशिरा, आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून खाणे थांबवा. सगळ्यांबरोबर बसा. उरलेले अन्न पोटात ढकलले तरी ते वायाच गेलेले असते.

खाणे आवरतच नसेल तर

काहीजणांची अडचण याहून वेगळी असते. भूक नसताना, एकट्याने, लपून, पोट दुखेपर्यंत खाल्ले जाते, हात थांबत नाही, आणि मागाहून स्वतःचीच लाज वाटते. आठवड्यातून एकदा तरी असे होत असेल आणि ते तीन महिने चालले असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला आजार मानते. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद झाली. त्याला उपचार आहेत आणि गुण येतो. अशा माणसाला पंगतीत चेष्टेने 'खादाड' म्हणू नका. घरातल्या मुली वजनाच्या धास्तीने जेवण टाळत असतील किंवा खाल्लेले ओकून टाकत असतील, तर तिकडेही लक्ष द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी बोला, किंवा १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

वजन उतरवण्याची इंजेक्शने व गोळ्या आता बाजारात आल्या आहेत. त्या डॉक्टरांनी तपासून दिल्या तरच घ्याव्यात. गावात डबे विकत फिरणाऱ्याच्या शब्दावर तर पैसाही टाकू नये.

शेवटी एवढेच. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी काही खाण्यापूर्वी वजन करा आणि ऊस नोंदीच्या वहीत मागच्या पानावर लिहा. रोज काट्यावर चढू नका, पाण्याने आकडा वरखाली होतो आणि मन उगाच खट्टू होते. आडसाली लागण केली तर तोडणीला दीड वर्ष वाट पाहण्याचा धीर आपल्यात आहे. स्वतःच्या शरीराला त्यातले सहा महिने तरी द्यावेत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी