थर्मोस्टॅट काढू नका, बदला

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. अशा माणसानं गाडीच्या इंजिनाबद्दल बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण गेल्या मे महिन्यात रत्नागिरीत आमच्या अंगणात मी आणि माझ्या भाच्यानं मिळून त्याच्या पिकअपचा थर्मोस्टॅट बदलला. त्यातून जे शिकलो ते सांगण्यासारखं आहे, कारण तीच चूक आपल्याकडे गावोगाव होते.

भाचा आंब्याची वाहतूक करतो. पेट्या भरायच्या, पाली, साखरपा मागे टाकायचं, आंबा घाट चढायचा आणि मलकापूरवरून कोल्हापूर गाठायचं. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, पण गाडीचा हप्ता बारा महिन्यांचा. त्यामुळे मे महिन्यात गाडी घाटात उभी राहिली, तर माल पिकून जातो आणि बागायतदार पुढच्या खेपेला दुसरी गाडी बोलावतो.

आदल्या वर्षी ही गाडी तापू लागली होती. एका मेस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून भाच्याच्या हातात ठेवला. भाचा मला म्हणाला, "मामू, मेस्त्री म्हणतो, आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? हा भाग थंड मुलखातल्या गाड्यांसाठी असतो." मलाही ते पटलं. पण पुढं डिझेल जास्त जाऊ लागलं. सकाळी गाडी बराच वेळ धूर सोडायची. सपाटीवर तापमानाचा काटा तळाशी पडून राहायचा आणि भर उन्हात भरल्या गाडीनं घाट चढताना मात्र थेट लाल रेषेकडे जायचा. जो भाग काढल्यानं गाडी थंड राहायला हवी, तो काढूनही ती तापत होती. हे कोडं सोडवायला मी बसलो.

इंजिनात डिझेल जळतं, धातू तापतो. ती उष्णता वाहून नेण्यासाठी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून पाणी फिरत असतं. पंप ते फिरवतो. या पाण्याला दोन वाटा असतात. एक आतली, इंजिनातून निघून पुन्हा इंजिनात येणारी. दुसरी बाहेरची, रेडिएटरमधून वाऱ्यानं थंड होऊन येणारी. या दोन वाटांच्या नाक्यावरचा राखणदार म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना तो बाहेरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. ठरावीक तापमान आलं की ती हळूहळू उघडतो.

कारण इंजिनाला तापणंही आवश्यक असतं. फार थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं, न जळलेलं डिझेल आणि ओल ऑइलमध्ये उतरते आणि आतले भाग लवकर झिजतात. नव्या गाड्यांतला संगणक तर इंजिन थंड आहे असं समजून इंधन वाढवतो. याचा बर्फाशी संबंध नाही. रत्नागिरीच्या मे महिन्यात पारा पस्तिशीत असतो, तर इंजिनाला ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअस लागतात.

हा राखणदार काम कसा करतो? त्याच्या पोटात पितळेची छोटी डबी असते आणि डबीत मेण असतं. मेण वितळताना फुगतं, आतली दांडी ढकलतं आणि झडप उघडते. थंड झालं की आकसतं आणि स्प्रिंग झडप बंद करते. वीज नाही, तार नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्ने यांनी ही युक्ती शोधली आणि आजही जगभरच्या बहुतेक गाड्यांत तीच आहे. आम्हा कवींच्या लेखी मेणाचं काम मैफलीत जळणं आणि विरघळणं. ते इतकं कष्टाचं काम करतं हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं.

आता कोड्याचं उत्तर. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तेव्हा ही चकती आतली वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच काढला तर दोन्ही वाटा सताड उघड्या राहतात. सपाटीवर इंजिन थंडगार राहतं. पण घाटात, जेव्हा प्रत्येक थेंब रेडिएटरमध्ये जायला हवा, तेव्हा बरंचसं गरम पाणी आतल्या वाटेनं तसंच परत इंजिनात येतं. आमच्या गाडीत नेमकं हेच होत होतं.

आता कृती. पण त्याआधी एक विनंती. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत प्रेशर कुकरसारखा दाब असतो, त्यामुळे शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणीही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या डाव्या मनगटावरचा पांढरा डाग तिसाव्या वर्षीच्या अशाच घाईचा आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी काम करा.

आम्ही गाडी सपाट जागी लावली, चाकांना दगड लावले, बॅटरीची ऋण तार सोडली. रेडिएटरच्या तळाची चावी उघडून खाली टब ठेवला. आमच्या गाडीतून आलं ते तांबडं, गंजाचं पाणी. कूलंटऐवजी विहिरीचं पाणी ओतण्याचा हा परिणाम. देशावर बोअरचं पाणी ओतलं तर क्षारांचा थर बसतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत आम्ही रेडिएटर धुतला.

थर्मोस्टॅट कुठं असतो? रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपावर हात ठेवा आणि इंजिनाकडे चला. बहुतेक गाड्यांत तो पाइप जिथं इंजिनाला मिळतो, त्या ॲल्युमिनियमच्या टोपीखाली तो असतो. काही गाड्यांत तो खालच्या पाइपाकडे असतो, तेव्हा गाडीचं पुस्तक बघा. पाइपाची क्लिप सैल करा, टोपीचे दोन-तीन बोल्ट काढा. टोपी चिकटली असेल तर हलक्या हातानं ठोका, स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. जुनं पॅकिंग खरवडून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करा, पण त्याचे तुकडे आत पडू देऊ नका. तोवर आत फडकं कोंबून ठेवा आणि नंतर ते आठवणीनं काढा.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासून घ्या. बहिणीनं नाकं मुरडत एक जुनं पातेलं दिलं. ताप मोजायचा थर्मामीटर इथं चालत नाही, फुटेल. आम्ही शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून प्रयोगशाळेचा आणला. भाच्यानं गाडीच्या खणातून जुना थर्मोस्टॅटही काढला. दोन्ही दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवले, तळाला टेकू दिले नाहीत. नव्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता. पाणी तिथं पोचलं आणि झडप किलकिली झाली. पाणी उकळेपर्यंत ती पुरती उघडली. जुना उकळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला. भाचा दोघांकडे बघत म्हणाला, "म्हणजे मामू, आजारी हा होता आणि आपण याची जागाच रिकामी केली!" मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

बसवताना स्प्रिंगची आणि मेणाच्या डबीची बाजू इंजिनाकडे ठेवायची. उलटा बसला तर डबीला गरम पाणी लागत नाही आणि गाडी तापते. कडेला हवा सुटण्यासाठी बारीक छिद्र किंवा हलती पिन असते, ती सहसा वरच्या बाजूला ठेवतात. पॅकिंग किंवा रबरी कडं नवंच वापरा. बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियमवर जोर दाखवला तर आटे जातात, टोपीला चीर पडते.

नंतर कूलंट भरायचं. पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून, अगदी सावकाश. आत हवा अडकली तर सगळी मेहनत वाया जाते. तार जोडून, झाकण उघडंच ठेवून थंड इंजिन चालू करा. पंख्यापासून हात आणि ओढणी-उपरणं दूर ठेवा. थोड्या वेळानं वरचा पाइप एकदम गरम होतो, म्हणजे झडप उघडली. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, ती भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. पाणी उसळायला लागलं तर मात्र इंजिन बंद करून लांब व्हा. कूलंट चवीला गोड, पण विषारी असतं. मांजरं, कुत्री ते चाटतात आणि मरतात. सांडलेलं लगेच धुवा, बाटली मुलांपासून दूर ठेवा.

अर्थात प्रत्येक तापणाऱ्या गाडीचा दोष थर्मोस्टॅटमध्ये नसतो. गळती, पंप, पंख्याचा पट्टा, तुंबलेला रेडिएटर, काहीही असू शकतं. ऑइल दुधाळ दिसलं किंवा सायलेन्सरमधून पांढरी वाफ थांबेना, तर हेड गॅसकेटची शंका घ्या आणि गाडी न चालवता जाणत्या माणसाला दाखवा. थर्मोस्टॅट काही शे रुपयांत येतो. इंजिन खोलायची वेळ आली तर एका हंगामाची कमाई जाते.

तिसऱ्या दिवशी भाचा पेट्या घेऊन निघाला. घाट त्यानं दुपारीच चढला, मुद्दाम. मलकापूरला चहाला थांबून त्यानं फोन केला, "मामू, काटा मध्यावरच. हललाच नाही." आल्यावर तो जुना थर्मोस्टॅट आणि बहिणीचं पातेलं घेऊन त्याच मेस्त्रीकडे गेला, भांडायला नव्हे, दाखवायला. मेस्त्रीनं स्वतः पाणी तापवून बघितलं. आता तो कुणाचाही थर्मोस्टॅट नुसता काढून देत नाही. पातेलं मात्र अजून त्याच्याकडेच आहे आणि बहीण दर ईदला त्याची आठवण काढते.